मूळ गीत, पुनर्मिश्रण आणि श्रोता : इंडी पॉप व इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतातील नव्या गीतांच्या शोधाची प्रक्रिया

गोषवारा

नवे गीत श्रोत्याला सापडते म्हणजे नेमके काय घडते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात इंडी पॉप आणि इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत यांच्या संदर्भात केला आहे. रिमिक्स किंवा पुनर्मिश्रण हे केवळ गीताचे नृत्यानुकूल रूपांतर नसून एका श्रोतृसमूहातील गीत दुसऱ्या श्रोतृसमूहात नेणारे वाहन आहे, अशी या लेखाची भूमिका आहे. या वाहनाची तांत्रिक घडण, गीतांची निवड करणाऱ्या मध्यस्थांचे कार्य, १९९५ व १९९८ मधील दोन ब्रिटिश उदाहरणे आणि शिफारस करणाऱ्या संगणकीय प्रणालींमुळे झालेला बदल यांचे विवेचन पुढे केले आहे.

बीजसंज्ञा : इंडी पॉप, पुनर्मिश्रण, नृत्यसंगीत, डीजे, श्रोता, शिफारसप्रणाली, श्रेय.

प्रस्तावना

१९९७ मध्ये ‘कॉर्नरशॉप’ या ब्रिटिश वाद्यवृंदाचे ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ हे गीत प्रसिद्ध झाले. ब्रिटनच्या अधिकृत लोकप्रियता-यादीत ते ६० व्या क्रमांकापर्यंत पोहोचले आणि मागे पडले. फेब्रुवारी १९९८ मध्ये तेच गीत, तोच गायक आणि तेच शब्द घेऊन त्याच यादीत पहिल्या क्रमांकावर आले. मधल्या काळात गीताचे फक्त पुनर्मिश्रण झाले होते आणि ते नॉर्मन कुक यांनी केले होते. शीर्षकातील ‘आशा’ म्हणजे सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले होत. त्यामुळे मराठी अभ्यासकाला या घटनेविषयी स्वाभाविक कुतूहल वाटेल. परंतु तिचे महत्त्व तेवढ्यापुरते नाही. साठाव्या आणि पहिल्या क्रमांकांमधील अंतर गीताच्या गुणवत्तेत पडले नव्हते. गीत कोणाच्या कानांपर्यंत आणि कोणत्या मार्गाने गेले, यात ते पडले होते.

नवे संगीत ‘शोधणे’ हा शब्दप्रयोग काहीसा फसवा आहे. ग्रंथालयात वाचक पुस्तकाचे वा लेखकाचे नाव घेऊन जातो. जे गीत अस्तित्वात आहे हेच श्रोत्यास ठाऊक नाही, ते त्याने कोणत्या नावाने शोधावे? म्हणून नव्या गीताचा शोध हा बहुधा एकट्या श्रोत्याचा उद्योग नसतो. ज्याच्या निवडीवर श्रोत्याचा विश्वास आहे अशी व्यक्ती, संस्था किंवा यंत्रणा मध्ये उभी असते. हा मध्यस्थ कोण आहे, त्याच्या निवडीची कसोटी काय आणि ती श्रोत्याला तपासता येते का, हे प्रश्न या विषयाच्या मुळाशी आहेत.

संज्ञांची व्याप्ती

‘इंडी’ हे ‘इंडिपेंडंट’ म्हणजे स्वतंत्र या शब्दाचे लघुरूप आहे. भारतात १९९० च्या दशकात चित्रपटबाह्य हिंदी गीतांना ‘इंडिपॉप’ म्हटले गेले. त्याचा या संज्ञेशी संबंध नाही. ब्रिटनमध्ये ही संज्ञा प्रथम व्यापारी अर्थाने आली. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या वितरणव्यवस्थेबाहेर राहून जी तबकडी विकली जाते, ती ‘इंडी’. लंडनमधील ‘रफ ट्रेड’ हे १९७६ साली सुरू झालेले दुकान पुढे वितरक झाले आणि १९७८ मध्ये त्याने स्वतःच्या तबकड्या काढण्यास आरंभ केला. १९८० पासून अशा तबकड्यांची स्वतंत्र लोकप्रियता-यादीही प्रसिद्ध होऊ लागली. व्यापारी अर्थातून हळूहळू शैलीवाचक अर्थ निर्माण झाला. साधी गिटार, अनलंकृत आवाज, खासगी वाटावी अशी शब्दकळा आणि कमी खर्चाचे ध्वनिमुद्रण ही इंडी पॉपची ओळख ठरली. ‘एनएमई’ या साप्ताहिकाने १९८६ मध्ये काढलेली ‘सी ८६’ ही बावीस गीतांची कॅसेट या शैलीची खूण मानली जाते.

‘रिमिक्स’ या शब्दाबाबत भारतीय वाचकाने अधिक सावध राहावयास हवे. २००० नंतरच्या काही वर्षांत हिंदी चित्रपटगीतांची जी ‘रिमिक्स’ गाजली, त्यांतील पुष्कळशी काटेकोर अर्थाने पुनर्मिश्रणे नव्हती. ‘समाधी’ (१९७२) या चित्रपटासाठी राहुल देव बर्मन यांनी स्वरबद्ध केलेले आणि लता मंगेशकर यांनी गायलेले ‘कांटा लगा’ हे गीत २००२ मध्ये नव्या ठेक्यासह गाजले, तेव्हा ते दुसऱ्या गायिकेकडून पुन्हा गाऊन घेतले होते. अशा रूपास पुनर्गायन म्हणणे योग्य. पुनर्मिश्रणात मूळ ध्वनिमुद्रणातील आवाजच कायम राहतो आणि त्याच्याभोवतीची रचना बदलते. प्रस्तुत विवेचनात रिमिक्स हा शब्द याच दुसऱ्या अर्थाने वापरला आहे.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. पुनर्गायनात जुने गीत नव्या मुखाने येते, तर पुनर्मिश्रणात जुना आवाज नव्या स्थळी जातो. मूळ कलावंत स्वतः तेथे गेलेला नसतो. त्याचा आवाज मात्र तेथे पोहोचतो.

पुनर्मिश्रणाची घडण : किंग्स्टन ते शिकागो

पुनर्मिश्रण शक्य झाले ते बहुपथ ध्वनिमुद्रणामुळे. गायन, ढोल, बास व गिटार हे फितीच्या वेगवेगळ्या पट्ट्यांवर नोंदवले जाऊ लागले, तेव्हा त्यांतील एखादे वगळणे, एखादे लांबवणे किंवा एखाद्याच्या जागी दुसरे आणणे शक्य झाले. सर्व वाद्ये एकाच वेळी एकाच पट्टीवर मुद्रित होत, त्या काळात हे शक्य नव्हते.

या शक्यतेचा पहिला मोठा कलात्मक उपयोग जमैकात झाला. किंग्स्टन शहरात फिरत्या ध्वनिक्षेपण-संचांवर उघड्या मैदानात नृत्य चाले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तेथे गायन वगळलेली वाद्यांची आवृत्ती वाजवण्याचा प्रघात पडला. तिला ‘व्हर्जन’ म्हणत आणि तबकडीच्या मागील बाजूस ती छापली जाई. विद्युत उपकरणांची दुरुस्ती करणारे तंत्रज्ञ ऑसबोर्न रडॉक, म्हणजेच किंग टबी, यांनी पुढे मिश्रणफलकालाच वाद्याचे स्थान दिले. आवाज मध्येच काढून घेणे, प्रतिध्वनीत विरघळवणे आणि केवळ बास व ढोल शिल्लक ठेवणे या कृतींतून ‘डब’ ही शैली आकारास आली. गीत एकदाच मुद्रित होते, पण त्याचे अंतिम रूप एकच नसते, ही पुढच्या साऱ्या पुनर्मिश्रणांची आधारभूत कल्पना येथे स्पष्ट झाली.

न्यूयॉर्कमध्ये हीच कल्पना वेगळ्या गरजेतून आली. रेडिओसाठी केलेली गीते तीन मिनिटांत संपत आणि नर्तक ऐन रंगात असताना ठेका बदले. टॉम मोल्टन यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी फितीचे तुकडे जोडून अखंड वाजणारे संगीत सिद्ध केले. ग्लोरिया गेनर यांच्या ‘नेव्हर कॅन से गुडबाय’ (१९७५) या ध्वनिमुद्रिकेची पहिली बाजू त्यांनी अशीच सलग बांधली. १९७६ मध्ये ‘साल्सोल’ या कंपनीने ‘डबल एक्स्पोजर’ या गटाचे ‘टेन पर्सेंट’ हे गीत बारा इंची तबकडीवर विक्रीस आणले. तीन मिनिटांच्या या एकलगीताचे वॉल्टर गिबन्स यांनी नऊ मिनिटांहून अधिक लांबीचे रूप केले होते. बारा इंची तबकडीवर खाचा रुंद कोरता येतात आणि त्यामुळे मंद्र स्वर व ठेका अधिक जोरकस उमटतो. नृत्यगृहाची गरज आणि तबकडीचे भौतिक गुणधर्म यांचा मेळ अशा रीतीने जमला.

शिकागोमध्ये फ्रँकी नकल्स यांनी १९७७ पासून ‘वेअरहाऊस’ या नृत्यगृहात वाजवलेल्या संगीतावरून ‘हाऊस’ हे नाव रूढ झाले. १९८० च्या दशकात रोलँड कंपनीची ताल निर्माण करणारी यंत्रे स्वस्तात हाती येऊ लागली, तेव्हा घरच्या खोलीत बसूनही नृत्यसंगीत करणे शक्य झाले. हाऊसचा ठेका चारही मात्रांवर समान आघात करणारा आहे. मिनिटाला साधारण १२० ते १३० आघात ही त्याची नेहमीची लय. अशा ठेक्यावर कोणतेही गीत बसवता आले, तर ते दुसऱ्या कोणत्याही हाऊस गीताला जोडून वाजवता येते. गती कमी-अधिक करण्याची सरकपट्टी असलेल्या दोन फिरत्या तबकड्या आणि त्यांच्यामध्ये मिश्रणफलक, एवढ्या सामग्रीवर डीजे एका गीतातून दुसऱ्यात खंड न पाडता जाऊ शकतो. पुनर्मिश्रण हे मूळ गीताला या अखंड प्रवाहात प्रवेश मिळवून देणारे पारपत्र होय.

निवड करणारी माणसे

प्रवाहात कोणते गीत सोडावयाचे, हे मात्र कोणीतरी ठरवावे लागे. न्यूयॉर्कच्या डीजेंपुढे १९७० च्या दशकात हीच अडचण होती. नव्या तबकड्या कंपन्यांकडून रेडिओ केंद्रांना मिळत, पण नृत्यगृहांना सहजी मिळत नसत. डेव्हिड मॅन्कुसो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये ‘रेकॉर्ड पूल’ ही सहकारी स्वरूपाची व्यवस्था उभी केली. कंपन्यांनी नव्या तबकड्या तेथे पाठवाव्यात, डीजेंनी त्या वाजवून पाहाव्यात आणि नर्तकांचा प्रतिसाद कंपन्यांना कळवावा, अशी तिची रीत होती. ज्या गीतावर नर्तक थांबतात ते बाजूला पडे आणि ज्यावर नाचघर भरते ते पुढे जाई. निवडीची कसोटी डोळ्यांसमोर दिसणारी होती.

ब्रिटनमधील इंडी श्रोत्यांसाठी हेच कार्य दुकाने, हस्तलिखित वाटावीत अशी चाहत्यांची नियतकालिके आणि रेडिओ यांनी केले. बीबीसी रेडिओ १ वर जॉन पील १९६७ पासून २००४ मधील आपल्या निधनापर्यंत रात्रीच्या वेळी जे वाजवत, त्यात कोणत्याही एका शैलीचे बंधन नव्हते. अनोळखी गटांना ध्वनिमुद्रणासाठी स्टुडिओत बोलावण्याची त्यांच्या कार्यक्रमाची प्रथा होती आणि अशी चार हजारांहून अधिक सत्रे मुद्रित झाली. पील यांच्या निवडीचे वैशिष्ट्य असे की, श्रोत्याला आवडेल याची खात्री नसलेले गीतही ते निःसंकोच वाजवत. पंकनंतर जमैकन डब आणि त्यानंतर एखादे आफ्रिकी गिटारवादन येई. श्रोता पील यांच्यावर विश्वास ठेवून पुढचे गीत ऐके, मग ते त्याच्या सवयीतले असो वा नसो.

गोव्यात १९८० च्या दशकात हणजूणच्या किनारपट्टीवर रात्रभर चालणाऱ्या नृत्यमेळ्यांनी आणखी एक रीत रूढ केली. तेथील परदेशी डीजे तबकड्यांऐवजी कॅसेट आणि पुढे डिजिटल फिती वापरत. युरोप-अमेरिकेतून आणलेल्या इलेक्ट्रॉनिक गीतांतील गायनाचे भाग कापून केवळ वाद्यांचा भाग लांबवलेली रूपे ते फितीवर तयार करीत आणि प्रवाशांमध्ये या फितींची देवघेव होई. पुढे ‘गोवा ट्रान्स’ या नावाने ओळखल्या गेलेल्या शैलीचे मूळ या काटछाटीत आहे. येथेही नवे संगीत दुकानातून मिळत नव्हते. ज्याच्याकडे फीत आहे त्याच्या ओळखीतूनच ते मिळे.

या सर्व व्यवस्थांचा मोठा दोषही नोंदवावयास हवा. त्या बंदिस्त होत्या. दुकानापर्यंत जाऊ न शकणारा, रात्री उशिरा रेडिओ न ऐकणारा किंवा नृत्यगृहात प्रवेश नसलेला श्रोता बाहेरच राही. निवड करणाऱ्याच्या आवडीबाहेरचे संगीतही दुर्लक्षित राहण्याचा धोका होताच.

दोन गीतांचे दोन प्रवास

ट्रेसी थॉर्न आणि बेन वॉट हे १९८१ मध्ये हल विद्यापीठात विद्यार्थी असताना भेटले. हल शहरातील एका फर्निचरच्या दुकानाच्या जाहिरातवाक्यावरून त्यांनी आपल्या जोडीचे नाव ‘एव्हरीथिंग बट द गर्ल’ असे ठेवले. थॉर्न याआधी ‘मरीन गर्ल्स’ या गटात होत्या आणि त्या गटाची साधी, जवळजवळ घरगुती ध्वनिमुद्रणे इंडी पॉपच्या आरंभीच्या नमुन्यांत गणली जातात. १९९४ च्या ‘ॲम्प्लिफाइड हार्ट’ या ध्वनिमुद्रिकेत त्यांचे ‘मिसिंग’ हे गीत होते. जिथे जुना जिवलग आता राहत नाही, त्या घराच्या रस्त्यावर पुन्हा जाणाऱ्या माणसाचे हे गीत आहे. ऑगस्ट १९९४ मध्ये ते एकलगीत म्हणून निघाले, तेव्हा ब्रिटनमध्ये ६९ व्या क्रमांकापलीकडे गेले नाही. त्यानंतर ब्रिटनमधील त्यांच्या कंपनीने त्यांच्याशी असलेला करारही संपवला.

न्यूयॉर्कचे टॉड टेरी यांनी या गीताचे जे पुनर्मिश्रण केले, त्यात थॉर्न यांचा आवाज जवळजवळ जसाच्या तसा राहिला. खाली मात्र हाऊसचा कोरडा, न थकणारा ठेका आला. नृत्यगृहांतून ते रेडिओवर गेले. १९९५ मध्ये पुन्हा प्रसिद्ध झाल्यावर ब्रिटनमध्ये ते तिसऱ्या आणि १९९६ च्या आरंभी अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड हॉट १००’ यादीत ते ५५ आठवडे टिकून राहिले.

या यशाचे श्रेय केवळ ठेक्याला देणे अपुरे ठरेल. विरहाचे शब्द आणि नृत्याचा ठेका यांत वरवर विरोध आहे, पण पुनर्मिश्रणाने तोच विरोध अर्थपूर्ण केला. मूळ रूपात गीतातील व्यक्ती एकटीच उभी असल्याचा भास होतो. नव्या रूपात ती गर्दीत उभी आहे आणि तरीही एकटी आहे. ठेका पुन्हा पुन्हा त्याच जागी परततो, तसे मनही त्याच रस्त्यावर परतते. मूळ गीतात सुप्त असलेला अर्थ पुनर्मिश्रणाने उघड केला, असे म्हणता येईल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मूळ कलावंतांनाही या रूपातून स्वतःचा पुढचा मार्ग दिसला. १९९६ ची ‘वॉकिंग वूंडेड’ ही त्यांची ध्वनिमुद्रिका इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या अंगानेच घडली आणि बेन वॉट पुढे स्वतः डीजे म्हणून काम करू लागले. २००३ मध्ये त्यांनी हाऊस संगीताची ‘बझिन फ्लाय’ ही कंपनीही सुरू केली. नव्या श्रोत्यांना गीत सापडले आणि त्याच वेळी गीतकारांना नवे श्रोते सापडले.

‘ब्रिमफुल ऑफ आशा’चा प्रवास इतका सरळ नाही. ‘कॉर्नरशॉप’ हा गट १९९१ मध्ये लेस्टर येथे स्थापन झाला. ब्रिटनमधील दक्षिण आशियाई माणूस म्हणजे कोपऱ्यावरचा दुकानदार, या साचेबंद समजुतीला टोमणा मारणारे नाव त्यांनी मुद्दाम घेतले होते. टजिंदर सिंग यांनी लिहिलेल्या या गीताचा विषय संगीतश्रवण हाच आहे. दर मिनिटास ४५ फेरे घेणारी सात इंची तबकडी, ऑल इंडिया रेडिओ, जमैकन संगीत पुरवणारी ‘ट्रोजन’ कंपनी आणि पडद्यामागून गाणाऱ्या आशा भोसले हे सारे त्यात एकत्र येते. स्थलांतरितांच्या घरातील तबकड्यांच्या कपाटाचे ते जणू स्मरण आहे. जॉन पील यांच्या श्रोत्यांनी १९९७ च्या वार्षिक पन्नास गीतांत या मूळ गीतालाच पहिले स्थान दिले होते. म्हणजे इंडी श्रोत्यांच्या लहान जगाने ते आधीच ओळखले होते. मोठ्या जगाला मात्र ते ठाऊक नव्हते.

नॉर्मन कुक, म्हणजेच ‘फॅटबॉय स्लिम’, हे स्वतः इंडी जगातून आलेले होते. हल येथील ‘हाऊसमार्टिन्स’ या गिटारप्रधान गटात ते बास वाजवत. त्यामुळे दोन्ही भाषा जाणणारा दुभाषी असेच त्यांना म्हणावे लागेल. त्यांनी मूळ गीताची गती वाढवली. त्याबरोबर स्वरही चढला आणि संथ, डुलत्या चालीचे गीत उसळते झाले. भारदस्त ढोल आणि ध्रुवपदाची पुनरावृत्ती यांमुळे ते कोणत्याही मेजवानीत चालेल असे झाले.

येथे लाभ आणि हानी यांचा हिशेब एकाच वेळी मांडावा लागतो. पुनर्मिश्रणामुळे आशा भोसले यांचे नाव ज्यांनी कधी ऐकले नव्हते अशा लक्षावधी ओठांवर आले. परंतु त्या नावामागे कोण आहे हे त्यांतील कितीजणांना कळले? मूळ गीतात श्रोत्याला थांबून ऐकण्यास वाव होता. नव्या रूपात ध्रुवपद लवकर आणि वारंवार येते, तर कडव्यांतील संदर्भ ठेक्याखाली दबतात. शिवाय ज्या रूपामुळे ‘कॉर्नरशॉप’ जगाला ठाऊक झाले, ते रूप त्यांनी स्वतः घडवलेले नव्हते. एका जोडीला पुनर्मिश्रणाने नवी वाट दाखवली, तर दुसऱ्या गटाची ओळख त्याने एका ध्रुवपदात बांधली. वाहन एकाच जातीचे होते, पण दोन प्रवासांची फळे भिन्न झाली.

पार्श्वगायनाशी परिचित असलेल्या भारतीय श्रोत्याला यातील पेच चटकन उमगेल. आवाज एकाचा आणि चेहरा दुसऱ्याचा, ही आपल्या चित्रपटसृष्टीची जुनी रीत आहे. ‘महल’ (१९४९) मधील ‘आएगा आनेवाला’ या गीताच्या तबकडीवर लता मंगेशकर यांच्याऐवजी ‘कामिनी’ हे पात्राचे नाव छापले गेले होते. त्या तुलनेत पुनर्मिश्रणाच्या तबकडीवरील प्रथा अधिक न्याय्य म्हणावी लागेल. गीताच्या नावापुढे कंसात पुनर्मिश्रण करणाऱ्याचे नाव छापले जाते. श्रोत्याच्या दृष्टीने हा कंस फार मोलाचा आहे. ‘मिसिंग’ आवडलेल्या श्रोत्याने कंसातील टॉड टेरी या नावाचा माग घेतला, तर तो न्यूयॉर्कच्या हाऊस संगीतापर्यंत जातो. नृत्यगृहातल्या श्रोत्याने कंसाबाहेरचे नाव धरले, तर तो इंडी पॉपच्या घरात शिरतो. एकाच ओळीत दोन दारे उघडी असतात.

निवड यंत्राकडे

१९९९ मध्ये ‘नॅपस्टर’ सुरू झाले आणि संक्षिप्त ध्वनिसंचिकांची देवघेव जगभर पसरली. २००१ मध्ये न्यायालयीन लढ्यामुळे ते बंद पडले, तरी बंदिस्तपणाची भिंत कायमची पडली होती. २००२ मध्ये ब्रिटनमध्ये ‘शझॅम’ ही सेवा आली. नृत्यगृहात वाजणारे अनोळखी गीत ऐकताना २५८० हा क्रमांक फिरवून फोन ध्वनिक्षेपकाकडे धरला की, गीताचे नाव लघुसंदेशाने येई. ज्याचे नाव ठाऊक नाही ते कसे शोधावे, या जुन्या कोड्याचे हे पहिले यांत्रिक उत्तर होते. त्यालाही मर्यादा होती. ज्या गीताची नोंद संग्रहात नाही ते यंत्राला ओळखता येत नाही, आणि डीजेच्या पेटीतील नवी पुनर्मिश्रणे पुष्कळदा अप्रकाशित असत.

२००३ नंतर ‘मायस्पेस’ने आणि २००८ पासून ‘साउंडक्लाउड’ व ‘बँडकॅम्प’ यांनी कंपनीच्या मध्यस्थीविना गीत प्रसिद्ध करण्याची सोय दिली. संगणकावर गायनाची पट्टी उपलब्ध झाली की, कोणीही तिचे पुनर्मिश्रण करून काही तासांत जगापुढे ठेवू लागले. विपुलतेबरोबर नाजूकपणाही आला. अनधिकृत पुनर्मिश्रणे स्वामित्वहक्काच्या दाव्यांमुळे नाहीशी होऊ लागली. ‘मायस्पेस’वर २००३ ते २०१५ या काळात ठेवलेली कोट्यवधी गीते संचिकांच्या स्थलांतरात नष्ट झाल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. तबकडी झिजते, पण माळ्यावर सापडते. तशी संधी या गीतांना राहिली नाही.

विपुलतेवरचा उपाय म्हणून शिफारसप्रणाली पुढे आल्या. ‘स्पॉटिफाय’ने जुलै २०१५ मध्ये ‘डिस्कव्हर वीकली’ ही योजना सुरू केली. तीत दर सोमवारी श्रोत्याला त्याच्यासाठी निवडलेली तीस गीते मिळतात. तिचे तत्त्व समजण्यास कठीण नाही. एका श्रोत्याच्या आवडीची बरीच गीते दुसऱ्याच्याही यादीत असतील, तर दुसऱ्याची उरलेली गीते पहिल्याला आवडण्याचा संभव अधिक. याला गीताची लय, स्वर व पोत यांच्या संगणकीय विश्लेषणाची जोड दिली जाते.

ही प्रणाली अनेकदा आश्चर्यकारक अचूकतेने काम करते. लहान गावातील श्रोत्याला दूरदेशीच्या अनोळखी इंडी गटाचे गीत तिने मिळवून दिले, तर तो लाभ क्षुल्लक मानता येणार नाही. पूर्वीच्या बंदिस्त व्यवस्थेत तो श्रोता बाहेरच राहिला असता. परंतु तिचा पाया साम्य हा आहे. जे आवडले त्यासारखे पुढे ठेवणे तिला चांगले जमते. ‘ब्रिमफुल ऑफ आशा’सारखी उडी साम्यातून निघत नाही. संथ इंडी गीत ऐकून ‘हे नाचघरात नेता येईल’ असे वाटणे, ही नॉर्मन कुक यांची कल्पना होती. त्या क्षणी त्या दोन जगांच्या यादीत साम्य नव्हते. ते पुनर्मिश्रणानंतर निर्माण झाले. यंत्र तयार झालेल्या वाटेवरून उत्तम चालते. पहिली वाट मात्र माणसाच्या धाडसाने पडते.

कसोटीच्या पारदर्शकतेचाही प्रश्न आहे. नाचघर रिकामे झाले तर सर्वांना दिसे. पील यांची आवड पटली नाही तर श्रोता रेडिओ बंद करी आणि आपण कोणाशी असहमत आहोत हे त्याला ठाऊक असे. यंत्राने एखादे गीत का दिले आणि दुसरे का दिले नाही, हे श्रोत्याला सहसा कळत नाही.

श्रेय आणि मोबदला

अधिकृत पुनर्मिश्रणासाठी पुष्कळदा एकरकमी मानधन दिले जाते. शब्द व चाल यांवरील हक्क मूळ गीतकारांकडेच राहतो. म्हणून एखादे गीत पुनर्मिश्रणामुळे गाजले, तरी पुनर्मिश्रकास त्या यशाच्या प्रमाणात वाटा मिळतोच असे नाही. कलात्मक प्रतिष्ठा मात्र उशिरा का होईना मिळाली. ग्रॅमी पुरस्कारांत पुनर्मिश्रकासाठी स्वतंत्र विभाग झाला आणि १९९८ च्या समारंभात त्याचे पहिले मानकरी फ्रँकी नकल्स ठरले. भारतात स्वामित्वहक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने पुनर्गायनाची वैधानिक परवानगी मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षांनी मिळू शकेल, अशी तरतूद केली आणि मूळ रचनेत अनावश्यक फेरफार करण्यास मज्जाव केला. मूळ ध्वनिमुद्रणाच्या पुनर्मिश्रणास ती वाट उपलब्ध नाही, तेथे हक्कधारकाची संमती लागते.

दुसरीकडे लहान गटांचा प्रश्न अधिक बिकट झाला आहे. २०२४ पासून ‘स्पॉटिफाय’वर मागील बारा महिन्यांत किमान एक हजार वेळा न ऐकल्या गेलेल्या गीताला मोबदला मिळत नाही. सापडणे आणि न सापडणे यांतील अंतर आता थेट उत्पन्नाशी जोडले गेले आहे.

समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, नव्या गीताचा शोध ही विश्वासाची देवघेव आहे. डीजे, दुकानदार, निवेदक किंवा यंत्र यांपैकी कोणावर तरी विश्वास टाकल्याखेरीज अज्ञात गीत श्रोत्यापर्यंत येत नाही. दुसरी, पुनर्मिश्रण हे श्रोतृसमूहांच्या सीमा ओलांडणारे वाहन आहे. ते अर्थ उजळू शकते, जसे ‘मिसिंग’च्या बाबतीत झाले. ते अर्थ झाकूही शकते, जसे ‘ब्रिमफुल ऑफ आशा’च्या बाबतीत अंशतः झाले. तिसरी, यांत्रिक शिफारशीने शोधाची दारे अनेकांना खुली केली, परंतु भिन्न जगांना जोडणारी उडी अद्याप माणसांच्या कल्पकतेवर अवलंबून आहे.

यावरून श्रोत्याचे कर्तव्यही सूचित होते. पुनर्मिश्रण आवडले तर मूळ गीत एकदा तरी ऐकावे, मूळ गीत आवडले तर कंसातील नावाचा माग घ्यावा, आणि दोन्ही रूपांत काय मिळाले व काय गळाले याचा विचार करावा. साहित्याच्या वर्गात मूळ संहिता आणि तिचे रूपांतर शेजारी ठेवून जे वाचन शिकवले जाते, तेच श्रवणालाही लागू पडते. ज्या गीताच्या ध्रुवपदावर १९९८ मध्ये ब्रिटनमधील नाचघरे थिरकली, त्याच गीताच्या कडव्यांत ऑल इंडिया रेडिओ आणि सात इंची तबकडीची आठवण जपलेली होती. ती ऐकण्यासाठी तबकडीचे फेरे पुन्हा मूळ गतीवर आणावे लागतात.